पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण इतक्या सहजपणे म्हणतो की त्या म्हणीत विचार करण्याजोगे काही उरले असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. मला ती अलीकडे वारंवार येते. पायच का? जे मूल पुढे विद्वान व्हायचे त्याचे कपाळ दिसावे, जे गवई व्हायचे त्याचा कंठ दिसावा, जे कारागीर व्हायचे त्याची बोटे दिसावीत, हे समजू शकते. परंतु भवितव्याचा सारा मजकूर पायांवर उमटलेला असतो असे ज्याने प्रथम म्हटले त्याच्या डोळ्यांपुढे काय होते? सामुद्रिक जाणणारे सांगतील की तळपायावरची ऊर्ध्वरेषा, शंख, चक्र ही भाग्याची लक्षणे मानली जातात, आणि देवाच्या पावलांचे वर्णन करताना आपल्या संतकवींनाही ध्वज, वज्र आणि अंकुश दिसले ते पावलांवरच. हे उत्तर व्युत्पन्न आहे आणि कदाचित खरेही असेल. परंतु म्हणी पोथ्यांतून फारशा जन्मत नाहीत, त्या माजघरात आणि शेताच्या बांधावर जन्मतात, आणि तिथला पाळणा डोळ्यांपुढे आणला म्हणजे मला निराळेच काही दिसू लागते. लिंबाच्या फांदीला किंवा घराच्या तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली आहे; आत मूल दुपट्यात गुंडाळलेले आहे, डोक्यावर कुंची आहे, गालावर काजळाची तीट आहे, आणि झोळीच्या दोन्ही कडा वर येऊन एकमेकींना मिळाल्यामुळे कामाच्या घाईत येणाऱ्याजाणाऱ्या बाईला त्याचा चेहरा दिसतच नाही. दिसतात ते दुपटे लाथाडून बाहेर आलेले दोन पाय. असे असेल तर ही म्हण भविष्यकथनाची राहत नाही; पाळण्यात दुसरे काही दिसत नाही, एवढेच ती सांगते, आणि त्या एवढ्याशा दर्शनावरून पुढचे सगळे ठरवण्याची हौस आपली आपण तिला चिकटवलेली आहे.

शिवाय ही म्हण नेहमी उशिरा उच्चारली जाते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मुलाला शिष्यवृत्ती मिळाली, कुस्तीच्या फडात मानाची गदा मिळाली, किंवा याच्या उलट विसाव्या वर्षी तो घरातले दागिने घेऊन परागंदा झाला, म्हणजे वडीलधारी मंडळी मागे वळून पाळण्याकडे पाहतात आणि तेव्हा कुठे त्यांना त्यात पाय दिसू लागतात. बारशाला जमलेल्या बायकांपैकी एकीनेही पाळण्यात डोकावून, मी पाय पाहिले आणि मला काही दिसले नाही, असे सांगितल्याचे ऐकिवात नाही. ज्यांचे पाय कोणालाच दिसले नाहीत अशा असंख्य मुलांचा हिशेब या म्हणीने ठेवलेला नाही, आणि ती मुले मोठी होऊन चालतीबोलती झाली तरी त्यांच्याविषयी म्हणण्यासारखी दुसरी म्हणही आपल्याजवळ नाही.

आणि आणखी एक. पाळण्यातल्या मुलाचे हात लवकर कामाला लागतात. ते बोट पकडतात, पदर ओढतात, खुळखुळा हलवतात. तोंडाला दूध आहे, डोळ्यांना दिवा आहे, कानांना आईचा आवाज आहे. पायांना मात्र पाळण्यात काहीच काम नाही, कारण ज्या जमिनीवर त्यांचे काम चालायचे ती अजून त्यांच्याखाली आलेलीच नाही. आणि तरीही सगळ्या अवयवांत अधिक हालतात ते पायच. दुपटे कितीही घट्ट बांधा, घटकाभरात ते सुटलेले असते. तेव्हा पाळण्यात दिसत असेल ते फार तर इतकेच की या जिवाला जायचे आहे. कुठे, हे त्याच्या पायांनाही ठाऊक नसावे.

आमच्या धाकटीचे अडीच वर्षांचे पाय सध्या थोरल्याच्या शाळेच्या बुटांत असतात, उजवा डाव्यात आणि डावा उजव्यात. आणि ते तसे घालून ती दारापर्यंत जाते ती पाऊल न उचलता, फरशीवर बूट घासत, कारण पाऊल उचलले की बूट मागे राहतो हे तिला अनुभवाने कळलेले आहे. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवतात, थोरला दप्तर पाठीला लावून जिना उतरतो, आणि ही उंबऱ्यापाशी उभी राहून ‘मी पन’ एवढ्या दोन शब्दांत आपली फिर्याद गुदरते. तिच्याजवळ तिचेही दप्तर आहे. थोरल्याने टाकून दिलेले, चेन तुटलेले. आणि त्यात एक कंगवा, एक कच्चा बटाटा, विजेच्या जुन्या बिलाची घडी आणि एकाच पायाचा मोजा इतका ऐवज असतो. रोज सकाळी ती तो सगळा बाहेर काढते, जमिनीवर ओळीने मांडते आणि पुन्हा त्याच क्रमाने आत भरते. बटाटा भाजीसाठी उचलला गेला तर दुसरा ठेवून भागत नाही. तोच हवा असतो. एका लहान डब्यात चार शेंगदाणे घालून त्याचे झाकण घट्ट लावून द्यावे लागते, आणि ते तिला स्वतःला उघडता येत नाही म्हणून दहा मिनिटांनी मधली सुट्टी झाल्याचे सांगत ती तो डबा माझ्याकडे परत आणते.

शाळा तिने आतून पाहिलेली नाही. फाटकापर्यंत ती माझ्या कडेवर गेली आहे, आणि फाटकातून आत जाणारी मुले तिने पाहिली आहेत. पलीकडे काय चालते याचा तिला काही सुगावा नाही. तेव्हा तिला शाळा हवी आहे असे जे आम्ही म्हणतो त्यात हवी असलेली वस्तू नेमकी कोणती, हे ठरवणे मला अवघड जाते. अक्षरे तिला नको आहेत, कारण अक्षरे म्हणजे काय हे तिला माहीत नाही. मैत्रिणी हव्या असाव्यात असे म्हणावे, तर खाली अंगणात तिच्या वयाची मुले आहेत आणि त्यांच्यात ती फारशी रमत नाही. कधी वाटते की तिला जायला हवे आहे; कोणीतरी खाली आपल्यासाठी थांबावे, आपल्या नावाने हाक मारावी, आपल्या पाठीवर आपले ओझे असावे आणि संध्याकाळी परत येताना घरच्यांना ठाऊक नसलेले काहीतरी आपल्याजवळ असावे, असे. थोरला घरी आल्यावर त्याच्याभोवती जी चौकशी चालते, डबा खाल्लास का, बाई काय म्हणाल्या, गुडघा कशाने फुटला, ती चौकशी तिच्या वाट्याला येत नाही, कारण तिचा सगळा दिवस आम्हांला आधीच माहीत असतो. ज्याचा दिवस सगळ्यांना माहीत आहे त्याला सांगण्यासारखे काय उरते? अडीच वर्षांच्या जिवाला हे दुःख असू शकते असे मी पूर्वी मानले नसते.

सुट्टीच्या दिवशी थोरला शाळा-शाळा खेळतो. तो सर होतो, ती सगळा वर्ग होते. त्या खेळातली शाळा मी लक्षपूर्वक पाहिली आहे, आणि तीत शिकवणे जवळजवळ नाहीच. हजेरी आहे, रांग आहे, ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ आहे, उठा आहे, बसा आहे, आणि पट्टीने कपाटाचे दार बडवणे आहे. याच गोष्टींना थोरला आठवडाभर कंटाळलेला असतो आणि त्या दुसऱ्यावर गाजवायला मिळतात म्हणून तो खूश असतो, हे उघड आहे, परंतु ती? ती हाताची घडी घालते, म्हणजे दोन्ही हात छातीवर एकमेकांत कसेबसे अडकवते, आणि मग तोंडावर बोट ठेवायचे तर घडी सोडावी लागते या पेचात सापडून गंभीर होते. तिला तो पेच प्रिय आहे. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले, तेव्हा ते काम त्यांच्याकडे सोपवणाऱ्या इमारतवाल्यांचा उद्देश एवढाच होता की आईबाप मजुरीला गेल्यावर मोकाट राहिलेल्या मुलांनी जिने आणि भिंती खराब करू नयेत. आणि अशा मुलांच्या सहवासात राहून बाईंनी जे सांगितले त्यातली एक गोष्ट ही की अगदी लहान वयात मुलाला क्रम प्रिय असतो, वस्तू तिच्या जागी असावी आणि आधीचे आधी, नंतरचे नंतर व्हावे अशी त्याची तळमळ असते. धाकटीचा बटाटा पाहिला म्हणजे मला हे पूर्ण पटते. मात्र यावरून शाळेची शिस्त मुलाला मुळात हवीच असते असा निष्कर्ष काढायला मन धजत नाही. कारण तो क्रम तिने स्वतः लावलेला आहे, आणि शाळेतला क्रम तिला कोणीतरी लावून देणार आहे. या दोन्हींत फरक किती आणि तो तिला जाणवेल का, हे मला सांगता येणार नाही.

मुलाने शाळेत केव्हा जावे याचा आपल्याकडे फार प्राचीन काळापासून विचार झालेला आहे. विद्यारंभाचा संस्कार पाचव्या वर्षी करावा हे प्राचीन ग्रंथकारांचे मत महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात नमूद केले आहे. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिच्यावर हळदकुंकू वाहण्याची वहिवाट तर अजून घरोघर आहे. पुढे १९११ साली नामदार गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचे विधेयक मांडले, ते मंजूर झाले नाही. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात हे शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि जो पालक आपले मूल शाळेत धाडणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड ठरवला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशभरासाठी संमत व्हायला २००९ साल उजाडले. या सगळ्या लिखाणात मुलाच्या इच्छेचा उल्लेख शोधावा तर तो सापडत नाही. वय आहे, मुहूर्त आहे, मुदत आहे, दंड आहे, हक्क आहे, पण मुलाला यायचे आहे की नाही असा प्रश्न कोणी कोणाला विचारलेला नाही. पहिल्यांदा मला ही उणीव वाटली. मग महाराजांच्या दंडाचा पुन्हा विचार केला तेव्हा ध्यानात आले की तो बापाला आहे, मुलाला नाही. मूल येणारच, त्याला अडवून धरणारा हात मोकळा केला म्हणजे झाले, असे ज्याच्या मनात आहे त्यानेच असा कायदा लिहावा. मुलाची इच्छा तिथे लिहिलेली नाही ती बहुधा गृहीत धरली आहे म्हणून. निदान मला तसे समजावेसे वाटते.

सक्ती खेड्यांत पोचली, पण जन्माचे दाखले पोचले नव्हते. ज्या आईला आपले मूल दुष्काळाच्या सालात झाले की पुराच्या, एवढेच आठवते, तिच्या मुलाचे वय मास्तरांनी हजेरीपटावर काय लिहावे? तेव्हा मास्तरांनी एक तजवीज शोधली, ती महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना अजून आठवते. मुलाला ताठ उभे करायचे, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगायचे, आणि डावा कान बोटांत आला तर नाव दाखल करायचे; नाही आला तर पुढच्या वर्षी ये. ही कसोटी वाटते तितकी अडाणी नव्हती. जन्मतः मुलाचे डोके त्याच्या उंचीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते, प्रौढ माणसाचे सुमारे एक अष्टमांश. मधल्या वर्षांत हातपाय वाढून डोक्याला गाठतात, आणि साधारण सहाव्या वर्षाच्या आगेमागे हात डोके ओलांडून पलीकडच्या कानापर्यंत पोचतो. धाकटीला मी हात न्यायला सांगितले. तिची बोटे टाळूवरच्या केसांत जाऊन थांबली, तिने तिथेच क्लिप चाचपली, आणि मग एक क्षणभर विचार करून तिने मान उजव्या खांद्यावर पाडली व डावा कान हाताच्या दिशेने वर आणला. तरीही तो हाती आला नाही. परंतु हात लांब होत नसेल तर कानाने जवळ यावे, हे तिला कोणी शिकवले?

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हेच केले होते, अशी आमच्या घरातली कथा आहे. त्यांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून १९४७ आहे. आजी सांगे की गांधीजी गेले त्या वर्षी, दिवाळी होऊन तुळशीची लग्ने लागली त्या आठवड्यात ते झाले. म्हणजे नोव्हेंबर १९४८. माणदेशातल्या त्या गावात तेव्हा शाळा मारुतीच्या देवळात भरत असे, जिल्हा परिषदा यायला अजून अवकाश होता आणि कारभार स्कूल बोर्डाकडे होता. थोरले काका शाळेत जात आणि त्यांच्या मागोमाग साडेचार वर्षांचे अण्णा रडत जात, देवळाच्या पायरीवर बसून राहत, हाकलले तरी हलत नसत. शेवटी मास्तरांनी त्यांना उभे केले, कान धरायला लावला, त्यांनी मान तिरपी करून तो धरला, मास्तर हसले, आणि जून १९५३ मध्ये त्यांचे नाव पटावर चढले. त्या दिवशी सहा वर्षे पूर्ण दिसावीत इतके मागे मोजून मास्तरांनी तारीख घातली ती १ जून. अण्णा पुढे अकरावी पास झालेले घरातले पहिले, आणि त्या वेळी गावाने काय म्हटले असेल हे सांगायला नको. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.

या १ जूनविषयी मी अधिक लिहिले तर वाचकांनी रागावू नये. आपल्या राज्यात ही जन्मतारीख असलेल्या माणसांची गणती होणे कठीण आहे. एका पिढीच्या एका गावातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी यावा असा चमत्कार मास्तरांच्या टाकाने घडवून आणला, कारण शाळेचे वर्ष जूनमध्ये उघडे आणि वय मोजायला महिन्याची पहिली तारीख सोयीची पडे. ती तारीख एकदा दाखल्यावर चढली की ती दफ्तरातून दफ्तरात माणसाच्या पुढे पुढे चालू लागते. अण्णा तहसील कचेरीत नोकरीला लागले. सेवानिवृत्तीचे वय अठ्ठावन्न. त्यात नियम असा की निवृत्ती महिनाअखेरीला होते, पण जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीला. म्हणून ज्यांचा जन्म १ जूनचा ते ३१ मे रोजी घरी जातात. ३१ मे २००५ ला अण्णांना शाल आणि श्रीफळ मिळाले, आणि त्यांच्यासोबत त्याच कचेरीतल्या आणखी दोघांना, कारण त्यांच्याही मास्तरांना हीच तारीख सुचली होती. आजीच्या तुळशीच्या लग्नाप्रमाणे मोजले तर अण्णांची दीड वर्षाची नोकरी शिल्लक होती. साडेचार वर्षांच्या मुलाने शाळेत जाण्यासाठी जो दीड वर्षाचा काळ उसना घेतला तो सरकारने सव्याज नाही, पण मुद्दल तेवढे परत घेतले. अण्णांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही; तारीख बदलून घेण्याचा अर्जही केला नाही. मास्तरांचा शब्द खोटा पडेल, असे ते म्हणत.

ही कथा मला फार प्रिय होती. धाकटी उंबऱ्यावर बूट घालून उभी राहिली की ती मला आठवे, आणि ही अण्णांवर गेली, असे मी मनाशी म्हणे. मागच्या दिवाळीला थोरले काका आले होते. ऐंशी ओलांडलेले, ऐकायला थोडे कमी येते, पण स्मरण शाबूत आहे. मी त्यांच्यापुढे ही गोष्ट काढली. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘तो रडायचा खरा, पण यायला कशाला रडेल? घरी जायला रडायचा. आई खुरपायला जायची, घरी कोण होतं त्याला सांभाळायला? मलाच घेऊन जावं लागायचं रोज. देवळात कोपऱ्यात झोपून जायचा. मास्तर म्हणाले, रोज येतोच आहे तर नाव घालू. पटही वाढत होता त्यांचा.’ आणि कान? ‘कान नाही धरायला लावला कुणी. मला लावला होता.’

अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी सांगितले की त्यांना कान धरल्याचे स्पष्ट आठवते. मास्तरांच्या हाताला तपकिरीचा वास येत होता, हेसुद्धा आठवते. काका म्हणाले, तपकीर ओढायचे हे खरे. दोघे भाऊ त्यावर पुढे काही बोलले नाहीत आणि चहा आला. मला मात्र त्या दिवसापासून चैन नाही. एखादी गोष्ट आपल्याबाबतीत घडली की शेजारी उभ्या असलेल्या भावाच्या बाबतीत, हे साडेचार वर्षांच्या मुलाला पुढे वेगळे काढता येत नसेल, तर शाळेत जायची ती हौस तरी कोणाची? अण्णांची, काकांची, मास्तरांची, की दिवसभर दुसऱ्याच्या रानात वाकलेल्या आजीची?

आई रानात जाते म्हणून थोरल्याने धाकट्याला शाळेत घेऊन जावे, हे वाचून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्याची माहिती असलेल्यांना नवल वाटणार नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांसमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तिथे अनुताई त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेले. शहरातल्या बालमंदिरात आईबाप मुलाचे बोट धरून येत. पाड्यावरची मुले येईनात. थोरल्या मुलांना शाळेत यायचे तर त्यांच्या कडेवर भावंड असे, किंवा त्यांच्यामागे गुरे असत. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली, आणि २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने देशभर जी बालविकासाची योजना चालवली तिच्या केंद्रांना आज अंगणवाडी म्हणतात ते त्यावरून. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणावर शाळा भरू लागली. आणि कडेवरच्या भावंडांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि थोरल्यांसाठी प्राथमिक शाळा अशी तिन्ही एका जागी आणली, तिला त्यांनी विकासवाडी म्हटले. पाळण्यातले पाय पाहायला त्या पाड्यांवर कोणाला सवड नव्हती. ज्या सातआठ वर्षांच्या पोरीच्या कमरेवर ते पाय लोंबत होते तिच्या पायांकडे या दोघींनी पाहिले, आणि ते पाय मोकळे करायचे तर आधी कडेवरचे मूल उतरवून घेतले पाहिजे हे ओळखले. आपल्या राज्यात बालशिक्षणात याहून मोठी गोष्ट झाली आहे असे मला वाटत नाही.

परंतु याच ठिकाणी माझा गोंधळ वाढतो. अंगणात आलेली शाळा धाकटीला चालणार नाही. तिला अंगणाच्या बाहेर जायचे आहे. खाली रिक्षा थांबली नाही, जिना उतरावा लागला नाही, तर तिच्या लेखी ती शाळाच नव्हे. आणि ही तिची इच्छा तिच्यात जन्मजात होती असेही म्हणवत नाही, कारण थोरला रोज तिच्या डोळ्यांदेखत गेला नसता तर ‘मी पन’ म्हणायला तिच्यापुढे कोण होते? ज्या पाड्यावरून कोणीच शाळेत जात नव्हते तिथल्या मुलांना शाळेत जावेसे वाटत नव्हते. ज्या घरातून एक जातो तिथे दुसऱ्याला उंबऱ्यावर उभे राहावेसे वाटते. मग पाळण्यात दिसतात ते पाय त्या मुलाचे की त्याच्या पुढे चाललेल्याचे? आणि पुढे चाललेल्याची काय अवस्था आहे? थोरला दुसरीत आहे. दोन वर्षांपूर्वी तोही याच उंबऱ्यावर रिक्षाची वाट पाहत उभा राहत असे, आणि हल्ली सोमवारी सकाळी त्याच्या पोटात दुखते. त्याची हौस शाळेने मारली असे म्हणणे सोपे आहे, आणि त्यात काही अंशी तथ्यही असेल. पण मिळालेल्या वस्तूची हौस टिकतच नसेल तर बिचाऱ्या बाईंना दोष का द्यावा? तसे असेल तर धाकटीला जितके दिवस थांबवता येईल तितके बरे, असे एकदा वाटते. थांबवले आणि ती हौस वाट पाहूनच विझली तर काय, असे लगेच दुसऱ्यांदा वाटते. जूनमध्ये तिला तीन पूर्ण झालेली असतील आणि नियमाप्रमाणे तिचे नाव घालता येईल. घरात एक पक्ष घालावे म्हणतो, एक पक्ष थांबावे म्हणतो. मी सकाळी एका पक्षात असते आणि संध्याकाळी दुसऱ्या. तिला विचारावे म्हटले तर तिचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते तिचे आहे की थोरल्याचे हे ज्यांना सांगता येईल अशी माणसे मला भेटलेली नाहीत.

वाचकांजवळ माझे एक मागणे आहे. १ जून ही ज्यांची कागदावरची जन्मतारीख आहे अशी वृद्ध माणसे अजून गावोगाव आहेत आणि त्यांची संख्या दर वर्षी कमी होत आहे. आपल्या घरात असे कोणी असेल तर त्यांना आणि त्यांच्या भावंडांना वेगवेगळे बसवून विचारावे की शाळेत ते कोणाच्या पायांनी गेले, कान धरला की नाही, रडले ते कशासाठी. आणि दोघांचे जुळले नाही तरी दोन्ही जबान्या तारीख घालून लिहून ठेवाव्यात.